वाफेतलं मीठ

मिठाला वास नसतो, हे मला त्रेसष्टाव्या वर्षी टीव्हीने सांगितलं. रविवारी दुपारी, शेजारच्या पद्मजाच्या देखत, आणि तेही तेलुगूत. माझी भाची रुपा, म्हणजे आमच्या बंडूची पोरगी, हैदराबादच्या त्या स्वयंपाकाच्या स्पर्धेत पहिल्या बारांत आली आहे, म्हणून गेले दोन महिने आदिलाबादेतल्या माझ्या या दोन खोल्यांत रविवारी बारा वाजले की सगळं बंद. गॅसवर वरण तसंच, देवाचं पान वाढायचं तसंच, आणि मी मांडीवर निवडायच्या वालाच्या शेंगांचं सूप घेऊन टीव्हीसमोर. रुपाने पांढऱ्याशुभ्र परातीएवढ्या बशीत ज्वारीची कुरकुरीत पापडी उभी केली होती, तिच्या पायथ्याशी तुरीचं वरण, जेमतेम दोन घास, आणि कडेने अंबाडीच्या चटणीचे तीन ठिपके. चिमट्याने एकेक कढीपत्त्याचं पान ठेवत होती पोरगी, श्वास रोखून. ती परीक्षक यामिनी मॅडम, केस कापलेली, कानात मोठाले डूल, तिने चमचा तोंडात घातला, डोळे मिटले, उघडले. लसूण छान, तूप छान, दिसायला तर फारच छान. मग म्हणाली, रुचि चूशावा? चाखून पाहिलंस का? रुपा म्हणाली, लेदु मॅडम. का नाही? आणि मग माझी पोरगी अख्ख्या तेलंगणासमोर हात जोडून म्हणाली की आमच्याकडे देवाच्या आधी जीभ लावत नाहीत, माझी आजी जयवंताबाई नुसत्या वाफेच्या वासावरून मीठ सांगायची, जन्मात कधी तिनं चाखलं नाही. यामिनी मॅडम हसली. वाईट नाही हसली, आईबाप हसतात तशी हसली. उप्पुकि वासना उंडदम्मा, म्हणाली. मिठाला वास नसतो गं. माझ्या हातातली शेंग अर्धी मोडून राहिली.

पद्मजा म्हणाली, "अक्का, खरंच की. मिठाला कुठला वास?" तिला मराठी येतं, पस्तीस वर्षं शेजारी राहून येणारच. मी फाडकन म्हटलं, "तुमच्या मिठाले नसंल." माझा हा असाच स्वभाव आहे. बोथच्या तहसीलमध्ये बत्तीस वर्षं मिसली, म्हणजे फायली, लावल्या मी, समोरच्या माणसाचा कागद पुरता नसेल तर त्याला दारातूनच परत पाठवायची सवय जडलेली. टीव्हीत रुपाचा चेहरा तीनतीनदा दाखवत होते, प्रत्येक वेळी तोच धडाम आवाज, जणू पोरीने खून केला. आणि तळाशी लाल पट्टी: रुपा संकटात. माझ्या अंगाची नुसती लाही झाली. वाटलं त्या बाईला म्हणावं, काय समजतं तुला? ये म्हणावं आमच्या पैनगंगेच्या काठी. पण हे वाटत असतानाच मी रिमोटने आवाज बारीक केला. कारण रुपा जे बोलली ते तिचं नव्हतं. ते माझं होतं. शब्दन् शब्द माझा. आणि तो खोटा होता हे पाठ करणाऱ्या पोरीला माहीत नव्हतं, फक्त मला माहीत होतं.

पद्मजा उठून गेली तेव्हा जाहिराती चालल्या होत्या. मी तशीच बसून राहिले. स्वयंपाकघरातून वरणाचा वास येत होता, जिऱ्याचा, हिंगाचा. मी नाक ओढून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा नीट ओढून पाहिलं म्हणा ना. डाळ होती, हळद होती. मीठ? माझं मेलं नाकच म्हातारं झालं असेल, असंही मनाला सांगून पाहिलं.

आई खरंच वाफ घ्यायची. ते खोटं नाही. जैनथच्या पुढे आमचं गाव, नदीच्या अंगाला, घरं मोजून साठ. चैत्रात हनुमान जयंतीला मारुतीच्या पारावर गावजेवण, आणि नैवेद्याच्या वरणाचा मान आमच्या घराचा. दोन मोठी पातेली. आई पहाटे न्हायची, ओले केस पाठीवर मोकळे, तोंडात पाण्याचा थेंब नाही, आणि उन्हाची तिरीप अंगणात यायच्या आत चुलाणं पेटवायची. डाळ शिजून गडगडायला लागली की गावातल्या बाया भोवती उभ्या राहायच्या, कारण आता जयवंताबाई वाफ घेणार. आई पदर कमरेला खोचायची, पातेल्यावर वाकायची, डोळे मिटायची. तिच्या वरच्या ओठावर वाफेचे थेंब जमायचे. एक, दोन, तीन श्वास. मग मान हलवायची आणि म्हणायची, "अजून मूठभर लागते." बाया एकमेकींकडे बघायच्या. मग ती मीठ आणायला घरात जायची. मीठ आत असायचं, कणगीमागच्या कोनाड्यात, मडक्यात. मी नऊ वर्षांची, तिच्या पायापायात. एका वर्षी तिच्या मागोमाग आत गेले तर आई कणगीच्या आडोशाला उभी, एका हातात पळी, पळीत आणलेलं वरण तळहातावर थेंबभर घेतलं आणि चटकन चाटलं. जीभ टाळ्याला लावून क्षणभर थांबली. पदराला हात पुसला, मिठाची मूठ भरली, आणि बाहेर गेली. मला तिने पाहिलं नाही. तळहात चाटताना तिचा चेहरा फार सुंदर दिसत होता. नैवेद्य दाखवतानासुद्धा तिचा चेहरा तसा कधी दिसला नाही मला.

हे मी कधी कोणाला सांगितलं नाही असं वाटेल. सांगितलं. तोच तर घोळ आहे. त्याच दिवशी, पंगतीत सांगितलं. पळसाच्या पत्रावळी, पोरीबाळी एका कडेला, आणि समोर गावातले जाणते डोमाजी. त्यांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "जयवंताबाई, असं सुतासारखं मीठ वाफेवर कसं कळते वो तुमाले? माहूरची देवी बसली तुमच्या हातात." सगळे आईकडे बघायला लागले. मला वाटलं, माझ्याकडेही बघावं. बस्स, एवढंच. यापलीकडे त्या गोष्टीला काही कारण नाही, किती वर्षं शोधलं तरी दुसरं सापडलं नाही. मी ओरडून म्हटलं, "वाफेवर नाई काई! आई चाखते. कणगीमागं. मी पाह्यलं!" बघितलं सगळ्यांनी माझ्याकडे. कोणीतरी फिस्सकन हसलं, मग तेही थांबलं. डोमाजींनी हात पत्रावळीवरून मागे घेतला. ओरडले नाहीत, काही नाही. उठले, हात धुतला, टोपी सारखी केली आणि मारुतीला नमस्कार करून घरी गेले. त्यांच्यामागे आणखी चारपाच जण उठले. उष्ट्याचा नैवेद्य झाला होता ना. आई वाढायची पळी हातात धरून पंगतीच्या मधोमध उभी होती, आणि पळीतून वरण तिच्या पायावर ठिबकत होतं, गरम होतं ते, तरी तिने पाय हलवला नाही.

पुढच्या वर्षी मान देवकाबाईच्या घरी गेला. तिच्या वरणाला कधी मीठ नसायचं, कधी मिठाचा डोंगर, पण कोणी हूं की चूं केलं नाही, कारण न चाखता केलेलं होतं. आमच्या घरीही सणावाराला काकू रांधायला लागली. आई भाज्या चिरायची, पाणी भरायची, भांडी घासायची. मला कोणी मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या संध्याकाळी माझी वेणी घालताना आई फक्त एवढं म्हणाली, "खरंच बोलली तू, बाई." आणि पेड नेहमीसारखे घट्ट ओढले. त्या दिवसापासून तिने रोजच्या जेवणातही चाखणं सोडलं. कोणी नसतानाही. मी लपून बघायचे, कणगीमागे जाऊन उभी राहायचे, देवाला म्हणायचे की आज तरी चाखू दे. ती यायची, मूठ भरायची आणि जायची. बाबा जेवताना मीठ मागायला लागले. आईच्या हातची चव गेली. एवढ्या मोठ्या बाईच्या हातातून मी ती काढून घेतली, नऊ वर्षांच्या चिमुरडीने, दोन वाक्यांत.

मग मी काय केलं? मी तिला तिची देवी परत दिली. माझ्या परीने. आई वारल्यावर रुपा सहा वर्षांची होऊन माझ्याकडे शाळेला आली, मला मूल नव्हतं, आणि मी त्या पोरीला रोज सांगायला लागले की तुझी आजी वाफेवरून मीठ सांगायची, जन्मात तिने जीभ लावली नाही. सांगता सांगता कणगी पुसली गेली, पंगत पुसली गेली. कधीकधी मला स्वतःलाच खरं वाटायचं. मीही वाफ घ्यायला लागले होते, उद्धवरावांशी लग्न झालं तेव्हापासून. रोज, दोन्ही वेळा. एक, दोन, तीन श्वास. आपल्याला कळतं असं वाटायचं हो. रुपा सात वर्षांची असेल, पुरणात बोट घालून चाटलं तिने, तर उलथनं मारलं मी तिच्या बोटांवर. चार वळ उठले. रडली नाही कार्टी, बोटं काखेत घालून म्हणाली, "पुन्हा नाई करणार आत्या." आणि नाही केलं. मला अभिमान वाटला होता त्याचा, आग लागो त्या अभिमानाला.

उद्धवराव पानात वाढलेलं मीठ पहिल्यांदा संपवायचे आणि पुन्हा मागायचे. मला वाटायचं काहींना खारटाची हौस असते. डॉक्टरने ब्लडप्रेशर म्हणून मीठ कमी करायला सांगितलं तेव्हा हे हसत सुटले, "मग काई चिंता नाई, मी हिच्याच हातचं खातो." डॉक्टरही हसला. मीही हसले, मला वाटलं माझं कौतुक चाललं आहे. त्यांना जाऊन आता पाच वर्षं झाली. मी एकटी वाढून घेते, मीठ पहिल्यांदा, डाव्या कोपऱ्यात, आणि जेवताना ते सगळं संपतं, कसं संपतं याच्याकडे कधी लक्षच दिलं नाही.

साठी झाली तेव्हा रुपाने मला हैदराबादला नेलं होतं, कुठल्याशा काचेच्या इमारतीत अठराव्या मजल्यावर जेवायला. ती तिथे बँकेत नोकरीला. मी म्हटलं, एवढ्या उंचावर जेवायला काय गरुड आहोत का? तर म्हणाली, चल तर खरी. तिथे सगळं दबक्या आवाजात. सात बशा येणार, एकामागून एक, आणि एकेका बशीत एक घास. पहिल्या बशीत भोपळ्याचा एक चौकोन, बघून मला हसूच फुटलं, बंडूच्या बैलाच्या जिभेला लागलं नसतं ते. मी सवयीने पानाचा डावा कोपरा बघितला. मीठ नाही. टेबलावरही नाही. त्या वाढणाऱ्या माणसाला मागितलं, वयाने माझ्याएवढाच होता. तो अदबीने वाकून म्हणाला, "मॅडम, शेफ चखकर ही भेजते हैं।" मला कसंतरी झालं. म्हणजे उष्टं? रुपा म्हणाली, "खाय ना आत्या." खाल्लं. काय सांगू. इतकं बरोबर होतं ते. मीठ जिभेला वेगळं लागतच नव्हतं, आणि तरी सगळीकडे होतं. आत कुठेतरी कोणीतरी माझ्यासाठी थांबलं होतं, थेंबभर जिभेवर घेऊन, अजून चिमूटभर हवं का असा विचार करत. जन्मभर मी पहिलं पान देवाला, दुसरं नवऱ्याला वाढत आले, आणि इथे सात वेळा कोणीतरी माझ्यापुढे पान ठेवून हात जोडून मागे सरकत होतं. मला नैवेद्य दाखवल्यासारखं वाटलं. चौथ्या बशीला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, मी म्हटलं तिखट लागलं. रुपा माझ्याकडे बघत राहिली. परत येताना लिफ्टमध्ये म्हणाली, "मले हेच करायचं हाय आत्या. लोकाईले असं जेवू घालायचं हाय." ही स्पर्धा जिंकणाऱ्याला त्याच स्वयंपाकघरात एक वर्ष हाताखाली शिकायला ठेवणार आहेत. त्यासाठी पोरीने बँकेची बिनपगारी रजा काढली.

फोन वाजला तेव्हा दीड वाजला असेल. रुपाच होती. "पाह्यलं का?" म्हणाली. मी म्हटलं, "पाह्यलं. त्या बाईले काई अक्कल नाई." ती हसली नाही. आज दाखवलं ते आठ दिवसांपूर्वीचं शूटिंग, म्हणाली, बाहेर सांगायची मनाई आहे पण तुला सांगते, अर्ध्या गुणाने वाचले. उद्या सकाळी पुढचं. उद्या एकजण जाणार, आणि यामिनी मॅडमने बजावलं आहे, पुन्हा न चाखता बशी पुढे आणलीस तर मी चमचा लावणार नाही.

"मग चाख ना," मी म्हटलं. किती सहज म्हटलं.

"तेच तर होऊन नाई राह्यलं आत्या." तिचा आवाज बारीक झाला. "आठ दिवस झाले, रूमवर रोज करून पाहून राह्यली. चमचा भरते, तोंडापाशी नेते, अन् हात थांबते. बोटं दुखते, खरंच दुखते. मले आजी दिसते. वाटते तिनं जन्मात कधी केलं नाई, अन् मी टीव्हीवर जायसाठी तिचं पाणी उतरवू? मी काऊन अशी हाय आत्या? मी उद्या घरीच येते. जाऊ दे."

मी खिडकीशी उभी होते, रस्त्यावर एक ऑटोवाला सरकी भरलेली पोती दोरीने आवळत होता, त्याचा पाय चाकावर. त्याने गाठ मारली. मला दिसत होतं की दोघींतली एकच जण वाचणार. रुपाला सोडवायचं तर आईला पुन्हा पंगतीच्या मध्ये उभं करायला लागणार, पळीसकट. एकदा मी ते केलं होतं कोणी विचारलं नसताना. आणि गप्प बसले तर आजी देवी राहील आणि पोरगी बोटं काखेत घालून परत येईल. मनात म्हटलं, आई, तू सांग. आई काय सांगणार. ती नेहमीसारखी पेड ओढत होती.

"रुपा," मी म्हटलं, "तुझी आजी चाखत होती."

"काय?"

"चाखत होती. कणगीमागं, तळहातावर घेऊन. वाफ-बिफ काई नाई, ते लोकाईले दाखवासाठी. म्हणून तर मीठ बरोबर असे. मी पाह्यलं माह्या डोळ्यानं, अन् मीच भर पंगतीत सांगून तिचा मान घालवला. तुले सारं खोटं सांगत आली मी. तुह्या बोटावर उलथनं मारलं, ते बी माह्याच पापासाठी मारलं. आता काई म्हणायचं ते म्हण."

पलीकडे गॅस बारीक केल्याचा खट्ट आवाज आला. मग ती म्हणाली, "मग कसं होतं आजीचं वरण?"

मला वाटलं होतं ती रागावेल. "बरोबर," मी म्हटलं आणि रडायलाच लागले, या वयात, फोनवर. "एकदम बरोबर राहे, बाई."

"आत्या, तुह्या गॅसवर काय हाय आता?"

"वरण. देवाचं पान राह्यलं अजून."

"चाख."

"वेडी झाली का?"

"तू चाख, मंग मी चाखते. मी बी इकडं वरणच लावलं हाय. फोन ठेवू नको."

मी फोन खांद्याने कानाशी दाबून स्वयंपाकघरात गेले. फळीवर देव होते, बाबांच्या वेळचा मारुती, माहूरची देवी, उद्धवरावांचा लहानसा फोटो. त्यांच्याकडे पाठ करावी असं वाटलं, केली नाही. पळी भरली. डावा तळहात पुढे केला. थेंब ओतला, चटका बसला, आणि मी आई चाटायची तसं चटकन चाटलं. जीभ टाळ्याला लावून थांबले.

"कसं हाय?" रुपाने विचारलं.

"आळणी," मी म्हटलं. "रुपा, हे तर पार आळणी हाय बाई."

"हो," ती हळूच म्हणाली. "नेहमीच राहे."

"अन् कोणी सांगितलं काऊन नाई मले? इतकी वर्षं?"

"मामाजी म्हणत, तुह्या आत्याले सांगू नको. ती वाफ घेते तवा लय खूश दिसते."

मी उद्धवरावांच्या फोटोकडे बघितलं. हसत होते ते, चोर कुठले. मिठाच्या बरणीतून चिमूट घेतली, मग आणखी एक, ढवळलं, एक उकळी येऊ दिली आणि पुन्हा तळहातावर घेतलं. चाटलं, आणि चौपन्न वर्षांनी माझ्या तोंडात आईचं वरण आलं. तेच, जसंच्या तसं, पारावरच्या उन्हातलं. फोनमधून चमचा भांड्याला लागल्याचा आवाज आला, मग रुपाच्या गिळण्याचा आवाज.

"आत्या," ती म्हणाली, "अजून मूठभर लागते."